माझ्याकडून तिच्याकडे

९ मे २०२५, वारजे
आले एकदाची. आता कायमची धाकट्या बहिणीकडे, पूर्णिमाकडे. चौथा मजला, टेकडीवरचा वारा आणि लिफ्टमध्ये तीन ठिकाणी ‘थुंकू नये’, म्हणजे इथे थुंकतात. दोन वर्षांपूर्वी मी तिला माझी एक किडनी दिली. ती सगळ्यांना सांगते, ‘आक्काची किडनी बसवली तेव्हापासून मलाही लोकांच्या चुका दिसायला लागल्या.’ निघण्याआधी नाशिकला दोन दिवस माझं पोट बिघडलं होतं. आता ठणठणीत.

१२ मे
बुद्धपौर्णिमा आणि पूर्णिमाचा वाढदिवस. पांढऱ्या साड्या नेसून वंदना केली. खीर मी केली. कामाच्या गोदाबाई हात धुवायला साबण मागत होत्या. मी सॅनिटायझर पुढे केला, वर भाषणही दिलं. कॉन्व्हेंटात नन्स नखं तपासून वर्गात घेत. मला कोण स्वच्छता शिकवणार? मीही तोच हाताला चोळला आणि पुरीचा तुकडा खिरीत बुडवून पहिला घास पूर्णिमाला भरवला. आमच्याकडे तो मान थोरल्या बहिणीचा.

१४ मे
पूर्णिमाला उलट्या, जुलाब. टँकरचं पाणी, दुसरं काय! सोसायटीचे चेअरमन संजयराव यांना लेखी विचारलं, टाकी शेवटची कोणत्या शतकात धुतली? म्हणाले, मावशी, तेच पाणी आम्हीही पितो. म्हटलं, ते दिसतंच आहे. डॉ. शर्मिला तपासणीसाठी नमुने घेऊन गेल्या. मी बरी असूनही माझाही घेतला.

२० जून
थांबत नाही. इतरांना तीन दिवसांत सोडणारा विषाणू हिला सोडत नाही. किडनी टिकावी म्हणून ती ज्या गोळ्या घेते, त्यांनीच तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली आहे. डॉ. शर्मिला म्हणाल्या, तो स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. बहुतेक चुका वाया जातात, एखादी त्याच्या कामी येते. हिच्या शरीराला त्याला संपवता येत नाही, म्हणून तो तिथेच राहून बदलतो आहे. तीस वर्षं इंग्रजीच्या वह्या तपासल्या. चुका करून इतकं शहाणं झालेलं कार्टं पाहिलं नाही.

४ ऑगस्ट
तिचं वजन एक्केचाळीस किलो. नमुन्यांचा अहवाल आला. मे महिन्यात तिच्यात होता तो आणि माझ्यात होता तो, एकच. आधी माझ्यात. बरं वाटल्यावरही कित्येक आठवडे तो पोटातून बाहेर पडत राहतो. सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच लागतं. गोदाबाईंना ठाऊक होतं. संजयरावांची माफी मागितली. पूर्णिमाला कोणत्या तोंडाने सांगू?

२८ ऑगस्ट
सांगितलं. म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, आक्का, नाशिकचं तूच बोलली होतीस. आणि वर, तू दिलेलं काही मी कधी परत केलंय का? हसताना तिला दम लागला.

१९ सप्टेंबर
त्याचं आताचं रूप डॉक्टरांच्या कुठल्याच यादीत नाही. त्यांना माहीत आहे तेवढ्या जगात, फक्त या एका खोलीत. काल मलाही उलट्या. तोच. माझ्याकडून गेलेला, रूप बदलून परत दारात. माझ्या शरीराने त्याला ओळखलं नाही.

३ ऑक्टोबर
एकच उपाय उरला. गोळ्या कमी करायच्या. मग तिचं शरीर त्याला मारेल. पण त्या शरीराला माझी किडनीही परकीच. दोन्ही मीच दिलेलं— पूर्णिमाने सही केली. मला विचारलं नाही.

११ ऑक्टोबर
जुलाब थांबले. पाच महिन्यांनी. तिने मेतकूट-भात मागितला. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले.

१४ ऑक्टोबर
पाय सुजलेत. लघवी सकाळपासून अर्धी वाटी. रिपोर्ट वाचून डॉ. शर्मिलांनी पुन्हा लघवी मोजायला सांगितली—

१५ ऑक्टोबर
शरीर लढतंय म्हणे. कुणाशी, ते—
तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला, माझी किडनी बसवली त्या टाक्यांच्या व्रणाजवळ. म्हणाली, सांग ना गं या शरीराला, तुझं सगळे ऐकतात. गरम आहे. दगडासारखी. मी सांगतेय, मोठ्याने सांगतेय, अगं, ही परकी नाही, ही मी आहे, ही मी—