घबराटीची गोळी

१२ जानेवारी
पुन्हा तेच! कपड्यांची बादली गच्चीवर नेता नेता छाती दाटून आली. डावा हात जड. पायऱ्यांवरच बसली मी.
संध्याकाळी हे दवाखान्यात घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत हेच बोलू लागले — "घबराट होते साहेब हिले. झोपत नाही. पोरगी नेहा नागपूरले शिकाले गेली, तेव्हापासून असंच चालू आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गॅसची गोळी, ताकदीची गोळी, झोपेची अर्धी. "टेन्शन घेऊ नका काकू."
टेन्शनचं मी कधी बोलली?

२४ जानेवारी
पुन्हा दाखवलं. अर्धीची पूर्ण झाली. दिवसभर डोळ्यांवर झापड. वरणात मीठ दोनदा पडलं — तेही "टेन्शन"मुळेच म्हणे!

३ फेब्रुवारी
मोहगावला मावसबहिणीकडे, प्रेमलताकडे, हळदीकुंकू. गोष्टीवरून गोष्ट निघाली. तिच्याकडेही तीच गोळी. तिच्या जावेकडेही. एकीची कंबर दुखते, एकीची पाळी जाऊन राहिली, एकीला नवरा मारतो — गोळी एकच! प्रेमलता म्हणे, "बाईले दुसरा आजार राहते का वो?" खूप हसलो सगळ्याजणी.
बसमध्ये त्या हसण्याचाच राग येत राहिला.

१८ फेब्रुवारी
सकाळी चुलीपाशी — गॅसपाशी — असं दुखलं की घामाने पोलकं भिजलं. उलटी झाली. जबड्यापर्यंत कळ. ह्यांना म्हटलं, मोठ्या दवाखान्यात न्या, ईसीजी तरी काढा. "दुकान उघडाचं आहे. तुह्यी गोळी घे अन् पड जराशी."
घेतली. पडली. उठली तेव्हा दिवस कलला होता.

२५ फेब्रुवारी
आंघोळ केली तरी धाप लागते. सांगणं सोडलं.

९ मार्च
दुकानात ह्यांच्या छातीत दुखलं! धाकटे दीर, अभिजीत, त्यांनी गाडी काढली ती थेट नागपूर. "छातीचं दुखणं आहे वहिनी, रिस्क नाही घ्याची!"
ईसीजी, इको, रक्त — सगळं एकाच दिवशी. तिथले डॉक्टर खुर्ची ओढून ह्यांच्याजवळ बसले. दुखणं कुठून सुरू होतं? कुठं जातं? घाम आला का? हे सांगत होते, ते ऐकत होते. मी भिंतीला टेकून उभी. मनातल्या मनात एकेका प्रश्नाचं उत्तर मीही देत होती.
नेहा शिकायला गेल्यामुळे ह्यांनाही घबराट झाली असेल, असं कोणी म्हटलं नाही.

११ मार्च
सगळं नॉर्मल. गॅस होता! अभिजीतभाऊंनी पेढे वाटले. हे म्हणतात, "तुले आनंद नाही झाला का?"
झाला. खरंच झाला. पण माझा पेढा तसाच डब्यात ठेवून दिला.

१५ मार्च
ह्यांना न सांगता सौसरच्या दवाखान्यात गेली. एकटी. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला. पाहिला. पुन्हा काढायला लावला.
"सोबत कोण आहे?"
कोणी नाही.
"ताई, तुम्हाला अटॅक येऊन गेलाय. मागेच कधीतरी. तेव्हा काय केलं तुम्ही?"
म्हटलं, झोपली.