वाचवलेली टेप

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा पहिल्यांदा मला तुमची किळस आली. ज्या पोलिश संगीतकारावर मी पुस्तक लिहिलं, त्याची सीडी पुण्याहून मागवली होती. पुस्तक ज्या रचनेवर उभं आहे तीच आधी लावली. तीन मिनिटांनी वादन थांबलं. वाटलं, सीडी अडकली. मग व्हायोलिनं हळूच परत आली, पुन्हा थांबली. एका रचनेत सात वेळा पूर्ण शांतता, आणि ती त्यानेच लिहिलेली; तुमच्या कॅसेटवर तिचा मागमूस नव्हता. सोबतच्या पुस्तिकेत त्याचं म्हणणं छापलंय की आता या वयात त्याला तेवढीच लिहावीशी वाटते.

नव्वदनंतरचे ते रविवार. कॉलेज रोडवरची तुमची बाहेरची खोली, सतरंजीवर आम्ही सहा विद्यार्थी, आत काकूंना मिक्सर बंद ठेवायचा हुकूम. तुम्ही कॅसेट लावता आणि त्याची कारकीर्द सांगता. तरुणपणी व्हायोलिनच्या लाकडावर गज आपटायला लावणारा, सरकारला नकोसा झालेला, पुढे एकाएकी चर्चमधल्या प्रार्थनांकडे वळलेला. कुणी खोकलं की म्हणता, "तो श्वास घेऊ देत नाही आणि तुम्ही खोकताय?" श्वास घेऊ न देणारा संगीतकार. हे वाक्य मी तुमच्याकडून उचललं आणि त्यावर दोनशे पानं रचली.

काल काकूंकडे गेलो. कॅसेटमागच्या मूळ तबकड्या त्यांच्या भावाच्या. ओझरच्या विमान कारखान्यातून तो प्रशिक्षणाला पोलंडला गेला होता. परत द्यायच्या म्हणून तुम्ही कॅसेटवर उतरवून घेतल्यात. काकू पोहे परतत सांगत होत्या.

"बटणावर बोट ठेवूनच बसायचे हे. वाजायचं थांबलं की टेप बंद. मोकळी टेप कशाला वाया घालवायची, म्हणायचे. मला तर त्यातलं तेवढंच बरं वाटायचं हो, थांबायचं ते."

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये मावावं म्हणून तुम्ही एका माणसाचं काम भाजीसारखं निवडलंत, नको ते टाकून दिलंत, आणि उरलेलं लावून आम्हाला ऐकायला शिकवलंत. तेही अशा तोऱ्यात की, प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या रविवारी बोलावणं नसायचं.

पुस्तक छापून झालंय, बांधणी तेवढी राहिलीय. अर्पणपत्रिकेवर तुम्ही आहात. आज सकाळी प्रकाशकाचा फोन आला, काही बदल आहे का म्हणून. मी म्हणालो, नाही, बांधायला घ्या.

हे पत्र काकूंनाही दाखवणार नाही. तुम्ही जिथे जिथे शांतता कापलीत, तिथे कॅसेटवर खट् असा आवाज येतो. त्या आवाजावर पुस्तकात चार पानं आहेत: लाकडावरचा तो जुना आघात संगीतकाराने प्रार्थनेतही कसा जपला, वगैरे. पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं. ती लिहिताना मी आवाज ओळखला होता. आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरचं बटण असंच वाजायचं.