बाबांचा पट्टेवाला

प्रिय ठमे,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. बाबा शेजारी घुटमळत असले की मला फोनवर धड बोलता येत नाही.

आपल्याकडे नवी मंडळी आली आहेत. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई घर बदलून गेल्या आणि जाताना काचेची टाकी, दोन माशांसकट, बाबांच्या गळ्यात मारून गेल्या. बोटाएवढे राखाडी मासे, अंगावर काळे उभे पट्टे. मादी लहान, पोटाशी नारिंगी. बाबांनी हौसेनं टाकीत हिरवी रोपं लावली, तर दोघांनी तोंडानं वाळू उपसून दोन दिवसांत ती मुळासकट उपटली. मग आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत मादीनं अंडी घातली. ती आत परांनी अंड्यांना वारा घालत बसायची आणि नर कचेरीतल्या पट्टेवाल्यासारखा दारात उभा. बाबांनी काच पुसायला हात घातला, तर थेट बोटालाच डसला. गिरणीतली यंत्रं तीस वर्षं खोलून जोडलेला माणूस, पण "चावला गं" म्हणत मला बोट दाखवायला स्वयंपाकघरात आला.

आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागली. टाचणीच्या टोकाएवढी, शंभरेक तरी असतील. एका संध्याकाळी बाबा जाळी घेऊन धावले. नर पिल्लं गिळतोय, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, जरा दम धरा. बघतो तर काय, भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून त्यानं कुंडीत नेऊन अलगद सोडलं. मग दुसरं. मग आणखी एक. बाबा जाळी हातात धरून तसेच उभे. मग जाळी खाली ठेवून म्हणाले, "ठमी एवढीशी होती तेव्हा मी काय करायचो गं?"

मी खोटं बोलले नाही. "कामावर असायचात," म्हटलं. पाळीवर पाळी घ्यायचे, घरी यायचे तेव्हा तू झोपलेली. जागी असलीस तरी उचलायला घाबरायचे, निसटली तर, म्हणायचे. तेव्हा मला राग यायचा. आता नाही येत.

परवा शिवणाच्या वर्गावरून लवकर आले, तर हे पलंगावर बसून उशीला लंगोट बांधतायत. मला पाहून उशी पाठीमागे लपवली. म्हणाले, "खोळ बसवत होतो." लंगोट मात्र छान बसला होता.

पुढच्या महिन्यात तू कामावर रुजू होणार आणि बाळाला कुणाकडे ठेवायचं म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय. माझे वर्ग सुटत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. बाबांना यायचंय. एकट्यांनी, लागतील तितके महिने. पण तुला कुठल्या तोंडानं विचारू, म्हणतात. म्हणून त्यांच्या नकळत मी लिहितेय. तुला नको वाटलं तर मला कळव, मी विषय इथेच मिटवीन, त्यांना पत्ताही लागू देणार नाही. पण हवे असतील तर मला उत्तर लिहू नकोस. त्यांनाच फोन कर आणि विचार, "बाबा, कधी येताय?"

तुझीच,
आई