लाइनीवरची हाक

डोंबिवली, सोम. २ ऑगस्ट १९५४

काल मारलेली एक हाक केवढ्याला पडली ते मांडून ठेवतो. एक गोल. बरोबरीत चाललेली साखळीतली मॅच. संघाला शिकवणाऱ्या फर्नांडिस मास्तरांचं बोलणं. आणि सगळ्यात महाग म्हणजे, घरी जाताना एकाही पोराने माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

चेंडू बाबल्याकडे, अंगावर ठाण्याचे दोघे. मी लाइनीवरून ओरडलो, "थांब!" म्हणजे घाई नको, मागचे येऊ देत. पण संघातले सात जण आपल्याच लाकडी बॉबिनच्या कारखान्यातले, लेथवरचे. मशीनमध्ये शंकरचं बोट गेल्यापासून तिथे नियम आहे, मी थांब म्हटलं की हात वर आणि जागच्या जागी उभं. सातही जण हात वर करून उभे राहिले. त्यात गोलकीपरही. ठाण्याने चेंडू नेला, तो त्याच्या हातांखालून गोलमध्ये गेला.

"अरे, पुतळे झालात काय?"

बाबल्या म्हणतो, "शेट, तुमीच थांब बोलले."

खरं होतं.

मंगळ. ३

मास्तर सरावाला आले नाहीत. निरोपही नाही. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीने त्यांना बोलावलंय, हे गेल्या आठवड्यातच कानावर आलेलं. अर्धा संघ त्यांनी घडवलाय. ते गेले की रविवारची सेमीफायनल गेली, आणि पुढे संघही...

बुध. ४

स्वतःच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "मास्तर, पगार माझा, बूट माझे, मैदान माझं. मग एक हाक मारली तर?"

"शेठ, तुमच्या लेथवर लाकूड फिरत असताना मी मध्ये हात घालतो काय?"

त्यांची अट सरळ. संघ ते निवडणार, मी मैदानाकडे फिरकायचं नाही. नाहीतर दुसरा मास्तर बघा. शब्द दिला.

उठता उठता एवढं मात्र बोललोच की बाबल्या माझी निवड आहे. मोहने गावात लाकूड बघायला गेलेलो, भिंतीपलीकडे चेंडूला बसलेली लाथ ऐकली, माणूस न बघता ठेवून घेतला. लेथचं बेअरिंग आणि फुटबॉलची लाथ, दोन्ही मी कानाने ओळखतो. शंभर पायांतून बाबल्याचा पाय सांगेन.

मास्तर म्हणाले, "बरं." विडी पेटवली.

शुक्र. ६

दोन दिवस जड गेले. आज सरावाच्या वेळी लाकडाच्या शेडमागे उभा राहिलो. कान तेवढे तिकडे. हे काही फिरकणं नव्हे.

संघातला गणपत विचारतो, "शेठ दिसत नाहीत कुठे?"

"पत्र्यामागं हायेत. चपला दिसतात बघ खालून."

हसले सगळे. मलाही हसू आलं. चपला मागे घेतल्या.

रवि. ८

सेमीफायनल. मैदान कारखान्याच्या मागे, घरापासून हाकेवर, आणि मी ओटीवर हिच्यासमोर वाल सोलतोय. पायात चपला घालून.

"एवढा जीव जातोय तर जा ना."

"शब्द दिलाय."

"मग निदान डाळिंब्या तरी नीट सोला. अर्ध्या फोडल्यात."

पूर्वार्ध कोरडा गेला. आवाजावरून कळत होतं, चिखल फार, खेळ मध्येच अडकलेला. मग शेवटाकडे एक लाथ ऐकली. स्वच्छ, भरल्या पायाची. वर गलका, आपल्या बाजूचा. मी हिला म्हटलं, "बाबल्या. लिहून ठेव. दुसऱ्या कुणाच्या पायात तो आवाज नाही." शेजारचे आप्पा कुंपणापाशी उभे होते, त्यांनाही सांगितलं.

संध्याकाळी मास्तर आपण होऊन आले, गुडघाभर चिखल. जिंकलो, एक-शून्य. म्हणाले, "शेठ, आज पोरांना एकच आवाज ऐकू आला." हिने कांदाभजी केली. बरं वाटलं, फार बरं वाटलं. गिरणीचं विचारलं. "फायनलपर्यंत आहे. पुढचं बघू." त्यावर जोर केला नाही. हेही शिकतोय.

मग हिनेच विचारलं, "गोल बाबल्याचा ना?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. गोल गणपतचा. बाबल्याला त्यांनी आज खेळवलाच नव्हता.