मायक्रोस्कोपची सुटलेली वायर जोडू देण्याबाबत

प्रति,
मा. श्री. पद्माकर टिपणीस,
साहित्यप्रमुख, शनिवारची मराठी शाळा,
ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन

विषय : मायक्रोस्कोप टाकून न देता मला दुरुस्त करू देण्याबाबत.
संदर्भ : आपला १२ जूनचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, "बंद पडलाय, येत्या शनिवारी रिसायकलिंगला नेतो."

महोदय,

१. दसऱ्याच्या पूजेत चालू मायक्रोस्कोपवर फुलाने पाणी कोणी शिंपडलं? हा प्रश्न आपल्याला लेखी विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या स्वरूपा आणि जयेश यांनी लावली. "तू? काकांना? जा गं!" हे स्वरूपाचे शब्द. तरी विचारला. उत्तराची घाई नाही, कारण लॉकडाउनमुळे पूजा आपल्या घरून झूमवर झाली आणि बावीस कुटुंबांनी पाहिली. मायक्रोस्कोप कॅमेऱ्यात छान दिसावा म्हणून आपण त्याचा दिवाही लावला होता.

२. माझी आई तेव्हा ओरडली होती, "अहो पद्माकरराव, करंट आहे त्यात!" त्यावर आपण म्हणालात, "ग्रँड आहे हो वहिनी, काही होत नाही, देवाचं पाणी आहे." आपल्या श्रद्धेबद्दल पूर्ण आदर आहे.

३. गेल्या शनिवारी आपल्या घरी मायक्रोस्कोपचा दिवा लागेना. आपण चहा टाकायला गेलात तेवढ्यात मी प्लग काढून तळाचं झाकण उघडलं, त्याबद्दल क्षमस्व. आतल्या वायरी शेवयांहून बारीक आहेत. लाल वायरीचा सांधा गंजून हिरवा झाला आहे आणि वायर सुटली आहे. शेजारी कुंकू आहे. दिवा मात्र शाबूत आहे. छोट्या सेलवर लावून पाहिला.

४. सांधा साफ करून नवा टाका द्यायचा, एवढंच काम आहे. सोल्डरिंगचं टोक जास्त वेळ टेकलं तर दिवाच जळेल, हे मला माहीत आहे. म्हणून जुन्या रेडिओवर चाळीस टाके देऊन सराव केला. पहिले अकरा भयंकर होते. शाळेकडे दुसरा मायक्रोस्कोप नाही आणि छोट्या वर्गाने अजून कांद्याचा पापुद्रासुद्धा पाहिलेला नाही.

५. दुरुस्ती आपल्या देखरेखीखाली होईल. फक्त पूजेच्या पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच राहावा.

तरी शनिवारी गाडी काढण्याआधी मला दोन तास मिळावेत, ही कळकळीची विनंती.

आपली विद्यार्थिनी (आणि पैज जिंकलेली),
मुक्ता विवेक सबनीस
१५ जून २०२१

सोबत : सांध्याचे तीन फोटो. पूजेचं रेकॉर्डिंग तूर्तास जोडलेलं नाही.

पालकांची संमती : आई, बाबा, सही करण्याआधी हे वाचा. मी डॉक्टर व्हावं म्हणून तुम्हीच हा मायक्रोस्कोप शाळेला दिलात. पण त्यातून बघण्यापेक्षा तो उघडून बघताना मला जास्त मजा आली. मी मेडिसिनला जाणार नाही. शाळा संपली की इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करणार आहे. ठरलंय माझं.