तिसऱ्या गाण्यातली पोट्टी

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

चौबे कॉलोनीतली खोली चांगली आहे, डबाही बरा असतो.

सोल या संगीतप्रकारातला माझा यंदाचा सर्वांत आवडता अल्बम तुम्हाला पाठवला होता. फोनवर तुम्ही म्हणालात, "तिसऱ्या गाण्यात पोट्टी जीव ओतून गाऊन राहिली." बाबा, तिसऱ्यात कोणी गातच नाही, नुसता ऑर्गन आहे. माझीच चूक असेल म्हणून पुन्हा पुन्हा ऐकलं.

आई म्हणते, टीव्ही शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. कान दाखवलेत का? मला फार भीती वाटते.

शनिवारी येते. आपण दोघं स्पीकरजवळ बसू. ऐकू आलं नाही तर लपवू नका. लहानपणी तुम्ही माझ्या तळहातावर ठेका द्यायचात, तसा मी तुमच्या हातावर देईन.

तुमची,
देवश्री