आसरा देणारे

नाना, कालपासून तुम्ही मनातून जात नाही. कुठेतरी भर बाजारात स्फोट झाला, माणसं मेली, आणि संध्याकाळी टीव्हीवर देशाचे पुढारी म्हणाले, करणाऱ्यांना सोडणार नाही, त्यांना आसरा देणाऱ्यांनाही सोडणार नाही. मी लहान असताना हेच तुम्ही ब्राह्मणपुरीच्या चावडीवर सांगितलं होतं.

तुम्ही गावच्या शाळेचे मास्तर, पंचायतीचा रेडिओही तुमच्या ताब्यात. शाळा सुटली की तुम्ही हिंदी बातम्या ऐकायचात आणि शेतातून परतलेल्या माणसांना त्या अहिराणीत सांगायचात. मी तुमच्याजवळ बसलेली असते. त्या दिवशी आगगाडीत स्फोट झाल्याची बातमी आहे. दिल्लीचं भाषण तुम्ही जसंच्या तसं सांगता, पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, हा तुमचा खाक्या. लोक उठतात ते थेट शाळेकडे जातात. तिथं पडवीत एक परगावचा घड्याळजी उतरलेला, तुम्हीच त्याला जागा दिलेली. त्याची पेटी उघडतात तर आत तारा, स्प्रिंगा, चाकं. मग काय, खात्रीच पटली सगळ्यांची.

तुम्ही पोचलात तेव्हा त्याची बोटं ठेचून झाली होती. मारणाऱ्यांत तुमचेच जुने विद्यार्थी होते. तुम्ही मध्ये शिरलात, तो तुमच्या घरी जेवलाय हे ओरडून सांगितलंत. “हाऊ मन्हा घर जेवेल शे. आसरा मी दिधा. पहिले माले बांधा.” कुणी बांधलं नाही. माना खाली घालून पांगले. बैलगाडीतून त्याला शहाद्याला नेलं. जगला तो, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. त्या हातांनी तो कसलं घड्याळ उघडणार होता?

दुसऱ्या दिवशी रेडिओवर तेच पुढारी म्हणाले, शांत राहा, अफवांवर विश्वास ठेवू नका. तेही तुम्ही सांगितलंत. लोकांनी ऐकून घेतलं आणि कपाशीच्या भावाचं बोलायला लागले. तुम्ही रेडिओच्या कपाटाची किल्ली पंचायतीला परत केलीत. मला त्या पुढाऱ्याची चीड आली होती. तुम्ही म्हणालात, माणसं मेली होती, त्याला संताप येणारच. पण आपलं बोलणं कुठवर जातं हे त्याला दिसत नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, फाडून टाकीन. तुम्ही आज असतात, तरी तुमच्यासमोर हे बोलायची माझी हिंमत झाली नसती. काल ते भाषण ऐकून मला बरं वाटलं, नाना. सून म्हणाली, बरोबर बोलले, आणि मी मान डोलावली. घड्याळजी आठवला तो नंतर.